नर्मदेत बोट चालेल का?

भोपाळच्या अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटच्या आसपास राहणाऱ्यांना नर्मदेच्या पाण्यासाठी कुठं जावं लागत नाही, ती रोज नळाला येते. कोलार धरणाचं पाणी असो की शाहगंजकडून मोठ्या नळातून उचलून आणलेलं, दोन्ही तिचंच, कारण कोलार ही नर्मदेचीच उपनदी. उन्हाळ्यात इथल्या हाटात टरबुजांचे ढीग लागतात. विकणारी ‘नर्मदा की रेत का है’ एवढं म्हणते आणि भावात घासाघीस करायला नकार देते. गंमत अशी, की आमच्या वस्तीचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी मात्र शाहपुरा तलाव, कलियासोत, बेतवा असं करत यमुनेला मिळतं. बिट्टन मार्केट पितं नर्मदा आणि सांडतं गंगेत. दोन खोऱ्यांमधला उंचवटा भोपाळच्या दक्षिणेला आहे, गाडीनं जाताना तो जाणवतही नाही.

माझा आतेभाऊ आणि वहिनी अमेरिकेत शिडाच्या बोटीवर राहतात. दोघंही निवृत्त झाले, घर भाड्यानं दिलं आणि चौतीस फुटी बोटीत संसार मांडला. तिकडं ‘ग्रेट लूप’ नावाचा एक जलमार्ग आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यानं वर, हडसन नदीतून एरी कालव्यात, पंचमहासरोवरांतून शिकागोला, तिथून इलिनॉय आणि मिसिसिपी नद्यांनी खाली, मग टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गानं मेक्सिकोच्या आखातात आणि फ्लोरिडाला वळसा घालून परत. साधारण सहा हजार मैलांचा फेरा. बहुतेक जोडपी त्याला वर्षभर घेतात. एका परीनं ही त्यांची परिक्रमाच.

शिडाच्या बोटीनं नदीत फिरायचं म्हणजे दोन मापं सतत डोक्यात ठेवायची, असं वहिनी सांगते. बोट पाण्याखाली किती बुडते आणि पाण्यावर किती उंच जाते. त्यांच्या बोटीच्या बुडाला साडेचार फूट पाणी लागतं, म्हणजे पाच फुटांखालची नदी त्यांच्या कामाची नाही. डोलकाठी पंचेचाळीस फूट उंच, आणि शिकागोच्या पुढं एका रेल्वे पुलाखाली जेमतेम साडेएकोणीस फूट जागा. म्हणून शिडाच्या बोटी त्याआधीच क्रेननं डोलकाठी उतरवून घेतात, ती बोटीवर आडवी बांधतात आणि शेकडो मैल इंजिनवर जाऊन मगच पुन्हा उभी करतात. त्या काळात स्वयंपाकघरात जायचं तरी डोलकाठीखालून वाकून. वहिनीच्या कपाळावर टेंगूळ कायमचं.

एका फोनवर भावानं सहज विचारलं, “ताई, तुमच्या नर्मदेत आमची बोट चालेल का गं? अमरकंटकपासून भडोचपर्यंत?” माझा नवरा पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेला. असल्या प्रश्नाचं उत्तर तो फोनवर देत नाही. आम्हाला त्या हिवाळ्यात गाडीनं नर्मदा परिक्रमा करायचीच होती. तो म्हणाला, “बघून येऊ, मग सांगू.”

जोडप्यानं नदी उतरायची हौस आपल्याकडे नवी नाही. इंग्रज प्रवासी लेखक एरिक न्यूबी आणि त्याची पत्नी वांडा १९६३ च्या डिसेंबरात हरिद्वारहून गंगेतून समुद्राकडे निघाले. पहिल्या सहा दिवसांत त्यांची नाव ६३ वेळा वाळूत रुतली. हिमालयाच्या बर्फावर बारमाही वाहणाऱ्या गंगेची ही कथा. नर्मदेला तर बर्फाचा आधार नाही, तिचं सगळं भांडवल पावसाचं आणि जंगलांनी साठवलेल्या झऱ्यांचं.

शीड पाहायचं तर भोपाळमध्येच ते आहे. बोट क्लबवर सकाळी उभं राहिलं की मोठ्या तलावात पांढऱ्या शिडांच्या चिमुकल्या होड्या दिसतात. अकराव्या शतकात राजा भोजानं कोलांस नदी अडवून हा तलाव केला. २००२ पासून तो रामसर यादीत आहे. तो काठोकाठ भरल्याची खूण १६६६.८० फूट. हा आकडा पावसाळ्यात भोपाळकरांच्या तोंडी असतो, कारण त्यावर पाणी गेलं की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं शहर ते बघायला धावतं. इथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकलेल्या नेहा ठाकूरनं २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. समुद्रापासून इतक्या दूरच्या शहरानं शिडाच्या शर्यतीत पदक आणावं, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. हरित अधिकरणानं २०२३ मध्येच या तलावातल्या डिझेलच्या क्रूझ आणि मोटरबोटींवर बंदीचा आदेश दिला, तेव्हा वारा आणि वल्ही यांचीच इथं चलती. पण हा तलाव बेतवेच्या खोऱ्यातला. इथून निघून नर्मदेला पोचायचं तर बोट ट्रकवरच चढवायला हवी.

भोपाळहून नर्मदापुरम, म्हणजे जुनं होशंगाबाद, पाऊणशे किलोमीटर. वाटेत भीमबेटकाची गुहाचित्रं, बरखेड्याचा घाट, मग लाकडी खेळण्यांची बुधनी आणि पूल. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, म्हणून आम्ही आधी पूल ओलांडून दक्षिण तटावर आलो. संकल्प घेतल्यावर नदीत नावेनं फिरायचंही नाही. बोटीची चौकशी करायला निघालेल्यांना बोटीत बसायचीच मनाई! तेव्हा संकल्पाआधी सेठानी घाटावरून एक नाव केली.

नाव सपाट बुडाची, फळ्यांची, डांबर फासलेली. नावाडी मधल्या धारेत वल्हं मारत होता आणि काठाकडे आला की बांबू टेकवत होता. खोली विचारली तर फुटांत सांगेना. “इधर दो आदमी पानी है, उधर घुटना भी नहीं.” नवऱ्यानं बांबू मागून घेतला आणि बुडवून पाहिला. मधल्या धारेत तो जवळजवळ गडप झाला. नावेच्या दोन-तीन लांब्या पलीकडे गेलो तर हातभर ओला होऊन वाळूत रुतला. सातपुड्यातून येणारी तवा ही नर्मदेची सर्वांत लांब उपनदी, ती इथून जवळच बांद्राभानला मिळते आणि गाड्याच्या गाड्या वाळू घेऊन येते. दर पावसाळ्यानंतर वाळूचे पट्टे जागा बदलतात, म्हणून नकाशाचा उपयोग नाही, नावाड्याचा डोळा हाच नकाशा. हाटातली टरबुजं इथल्याच वाळूत पिकतात. जिथं एप्रिलात वेल पसरतात तिथं साडेचार फूट पाणी मागणारी बोट कशी चालायची?

नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. त्यातली १०७७ किलोमीटर मध्य प्रदेशात. अमरकंटकाला हजार मीटरवर उगम पावून ती जबलपूरपर्यंत उड्या मारतच येते. मग सुपीक मैदानातून शांत चालते, हंडिया-नेमावरला आपल्या मध्यावर येते. तिथल्या लोकांच्या लेखी ती नदीची नाभी. आणि त्यापुढं लवकरच पाण्याचा चेहरा बदलतो, धार दिसेनाशी होते. इंदिरा सागराचा फुगवटा सुरू झालेला असतो.

हनुवंतियाच्या काठावरून पाहिलं तर पलीकडचा तीर दिसत नाही. साठवणीच्या दृष्टीनं देशातला हा सर्वांत मोठा जलाशय, बारा अब्ज घनमीटरहून जास्त. इथं २०१६ पासून जलमहोत्सव भरतो, हाउसबोटी आहेत, वारा भरपूर. नवरा धक्क्यावर उभा राहून म्हणाला, “इथं चालेल. महिनाभर खुशाल फिरतील.” शेजारी दोऱ्या आवरणाऱ्या पोराला आमची भाषा कळली नसावी, पण त्यानं आपणहून पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, की त्या बाजूला जायचं नाही, खाली गावं आहेत, झाडं आहेत. हरसूद हे तालुक्याचं गाव २००४ च्या पावसाळ्यात याच पाण्यासाठी उठवलं गेलं. लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी पाडली, विटा, दारं, चौकटी गाड्यांत भरल्या. त्या गावावरून शीड उभारून जायचं, हे वाक्य भावाला कसं लिहावं ते मला सुचेना.

धरणाशी आलं की बोटीचा प्रश्न संपतो. इंदिरा सागराची भिंत ९२ मीटर उंच. अमेरिकेत किंवा युरोपात अशा ठिकाणी लॉक असतं: दोन दरवाजांची पाण्याची कोठी. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडून किंवा भरून ती खालच्या वा वरच्या पातळीला आणायची, दुसरं दार उघडायचं. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणाला अशा पाच कोठ्यांचा जिना आहे, जहाजं शंभर मीटरहून जास्त चढ-उतार करतात. आपल्याकडे गंगेवर फरक्क्याला लॉक आहे. नर्मदेवर बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर ही धरणं वीज आणि सिंचनासाठी बांधलेली, त्यांच्यावरून बोट पार होत नाही. “आमच्या नकाशात बोट नव्हतीच,” नवरा म्हणाला. २०१६ च्या कायद्यानं नर्मदा हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ झाला, पण तोही खालच्या २२६ किलोमीटरांचाच.

धरणांखालच्या पात्रात दुसरा धोका. ओंकारेश्वरच्या घाटांवर भोंगा वाजतो तेव्हा नावाडी आणि स्नान करणारे दोन्ही पटापट वर येतात. वीज बनवायला पाणी सुटलं की कोरडे दगड बघता बघता बुडतात. २००५ च्या एप्रिलात देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या जत्रेत रात्री असंच पाणी वाढलं आणि कित्येक यात्रेकरू वाहून गेले. नांगर टाकून रात्री झोपणाऱ्या जोडप्याला नदीचा स्वभाव कळून भागणार नाही, वीजघराचं वेळापत्रकही कळायला हवं.

बडवानीनंतर गाडीची परिक्रमा नर्मदा सोडते. विंध्य आणि सातपुडा इतके जवळ येतात, की काठानं रस्ताच नाही. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी परिक्रमावासी लुटले जात, नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडत. गाड्या खेतिया, शहादा, प्रकाशा असा वळसा घेतात आणि त्यामुळं महाराष्ट्रातून जाणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्रातली नर्मदा दिसतच नाही. ती आहे नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत, आणि तीही आता सरदार सरोवराच्या रूपानं. हा जलाशय २१४ किलोमीटर लांब, डोंगरांच्या फटींत शिरलेला. आम्ही वाट वाकडी करून धडगावकडून तो वरून पाहिला.

नर्मदेवर बोटीशिवाय ज्यांचं चालत नाही, ती माणसं इथं आहेत. जलाशयामुळं पाड्यांच्या वाटा तुटल्या, म्हणून सरकारचा तरंगता दवाखाना बोटीतून फिरतो. लस, बाळंतपण, ताप, सर्पदंश सगळं पाण्यावरून. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेनं मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत दूरच्या पाड्यांवरच्या गरोदर बायांना, तान्ह्या मुलांना खाऊ पोचवला, त्यांची वजनं घेतली. दिवसाला अठरा किलोमीटर. भावाच्या बोटीवर दोन इंजिनं, सौरपट्ट्या आणि गोडं पाणी करायचं यंत्र आहे. नदीवरचं दीर्घ नौकानयन म्हटलं की मला आता त्याच्याबरोबर ही होडीही आठवते.

परिक्रमेत एकदाच नावेत बसायची मुभा आहे, नव्हे तसा नियमच आहे. ती जागा म्हणजे रेवासागर संगम. दक्षिण तटावर हांसोटच्या पुढं विमलेश्वर, उत्तर तटावर दहेजजवळ मिठीतलाई आणि मध्ये खंभातच्या आखातात उघडणारं नर्मदेचं मुख. इथं पलीकडचा तीर दिसतच नाही. गाडी ड्रायव्हरबरोबर भडोचच्या पुलानं पाठवून आम्ही पायी परिक्रमावासींच्या रांगेत नाव लिहिलं.

विमलेश्वरला घड्याळ चालत नाही, तिथी चालते. आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी. ओहोटीला खाडीत नुसता राखाडी चिखल, बोटी त्यात कलंडून पडलेल्या. पाणी चढलं की त्याच सरळ होतात आणि तेवढ्या वेळात निघावं लागतं. आम्हाला पहाटे उठवलं. अंधारात विजेऱ्यांच्या उजेडात, साडीचे ओचे खोचून, चपला हातात घेऊन चिखल तुडवत गेलो. बोट मच्छीमारीची, डिझेल इंजिनाची, जाळ्यांचा वास घट्ट मुरलेला. शंभर एक परिक्रमावासी दाटीवाटीनं बसले, निम्म्याहून अधिक मराठी. शेजारी साताऱ्याकडचं एक जोडपं होतं. आजोबांनी काठी पायांत घट्ट धरलेली, आजी त्यांना म्हणाल्या, “अहो, आता तरी काठी सोडा, मैया नेतेय ना!”

खाडीतून बाहेर पडताच बोट उचलू लागली. किनारा दिसेनासा झाला तसं भजन थांबलं आणि बरेच जण आपापल्या पिशव्यांत तोंड घालून बसले. तांडेल सुकाणूवर पाय टेकून उभा होता, सारखा पाण्याच्या रंगाकडे बघत होता. गढूळ पट्टा आणि हिरवट पट्टा यांच्या सीमेवर त्यानं इंजिन मंद केलं, ‘संगम’ म्हणाला. नारळ, चुनरी, ओंजळभर फुलं पाण्यात पडली, ‘नर्मदे हर’ झालं आणि बरोबर आणलेल्या कुप्यांतलं नर्मदेचं पाणी बदलून घेतलं. मग उत्तरेला दहेजच्या कारखान्यांची धुराडी वर आली. तीन-चार तासांचा हा प्रवास संपला तो पुन्हा चिखलातच.

या मुखाची ख्याती जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे आपलं भडोच, या बंदराचं वर्णन आहे. उथळ पट्टे, अचानक चढणारी भरती, नांगर उपटून नेणारा ओघ. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या वल्ह्यांच्या नावा घेऊन समुद्रात पुढं येत आणि परक्या जहाजांना भरतीच्या वेळा साधून ओढत आणत. विमलेश्वरचा तांडेल करतो ते काम जवळजवळ दोन हजार वर्षांचं आहे.

उत्तर तटाची परतीची वाट आम्ही भरभर केली. गरुडेश्वरला टेंब्येस्वामींची समाधी, सावंतवाडीजवळच्या माणगावात जन्मलेल्या या यतीनं १९१४ मध्ये इथं देह ठेवला. महेश्वरला अहिल्याबाईंचे घाट, आणि जवळच सहस्रधारा, जिथं नदी खडकांतून शेकडो फाट्यांनी फुटते. शिडाच्या बोटीचा तिथं चुरा होईल, पण तीच जागा कनू स्लालमच्या स्पर्धांना अगदी योग्य. खडकांतल्या फेसात तरुण मुलं एकाच वल्ह्यानं बोट वळवत होती. जबलपूरजवळ भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून नावा चालतात. परिक्रमेत ते वर्ज्य, म्हणून ती फेरी आम्ही नंतर वेगळी केली. नावाडी यमकं जुळवत कड्यांची माहिती देतो, वळणावर वल्हं थांबवून हशा वसूल करतो. वरच्या अंगाला धुआंधार कोसळतो, तेव्हा तेही पाणी दोन-तीन किलोमीटरांचंच.

जबलपूर हे अमृतलाल वेगड यांचं गाव. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले हे चित्रकार १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, नर्मदेकाठी चालू लागले आणि तुकड्या-तुकड्यांनी वर्षानुवर्षं चालत राहिले. पुढच्या वाटांवर त्यांच्या पत्नी कांताबाई सोबत होत्या. वेगडांच्या नर्मदेवरच्या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नर्मदेवर सर्वांत लांब प्रवास केलेलं जोडपं म्हणून मला तेच आठवतं, आणि त्यांच्याकडे बोट नव्हती. पाठीवर पिशवी आणि संध्याकाळी दिसेल त्या गावात पथारी. बोटीवरचं जोडपं घर बरोबर नेतं, डबे, औषधं, पाण्याची टाकी मोजत राहतं. काठावरच्या जोडप्याचं घर दर मुक्कामी दुसरं कुणी तरी उघडून देतं. नर्मदेवर सदावर्ताची ही सोय अजून शाबूत आहे. पीठ, डाळ, मीठ आणि रात्रीपुरता ओटा याला कुणी ना म्हणत नाही.

घरी परतल्यावर नवऱ्यानं भावाला सविस्तर लिहिलं. अमरकंटक ते भडोच सलग बोट चालणार नाही: वर धबधबे, मध्ये वाळू, ठिकठिकाणी भिंती. तुकड्यांत चालेल: बरगीचा पंचाहत्तर किलोमीटर लांब तलाव, इंदिरा सागर, सरदार सरोवर आणि समुद्राकडचा भरतीचा भाग. प्रत्येक तुकड्यासाठी बोट ट्रकवर चढवा-उतरवायला क्रेन, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी परवानगी. त्याखाली मी माझ्या दोन ओळी घातल्या. बोट तिकडंच बांधून ठेवा. कार्तिकी एकादशीनंतर या, चातुर्मास संपलेला असतो आणि पाणी निवळलेलं. जाड तळाच्या चपला, एक ताट, एक लोटा पुरे. विमलेश्वरला पोचायच्या आधी पंचांग बघा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती मोठी. आणि रांगेत नाव लिहिताना दोघांचं एकाच बोटीत लिहायला सांगा, नाही तर एक जण मिठीतलाईला पोचतो आणि दुसऱ्याला पुढच्या भरतीची वाट बघावी लागते.